ईदच्या दिवशीचा रोजा

राग ही आमच्या घरातली माझी जहागीर. अब्बा शांत, अम्मी त्यांच्याहून शांत, धाकटा भाऊ हसून वेळ मारून नेणारा. उरलेला सगळा राग माझ्या वाट्याला आला आणि मी तो कधी वाया जाऊ दिला नाही. लग्न होऊन मी इंदापूरहून बारामतीला आले तेव्हा अब्बांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पोरगी मनानं चांगली हाय. पेटली की मातुर जरा लांब उभं ऱ्हावा." नवरा अजूनही लांबच उभा राहतो.

अम्मीचं नाव निघालं की मात्र लोक आदरानं आवाज खाली आणून बोलायचे. अब्बांचं इंदापुरात गाद्यांचं दुकान. कापूस पिंजायच्या यंत्राची घरघर आणि सगळीकडे उडणारा तो पांढरा भुगा, यात ती पस्तीस-चाळीस वर्षं राहिली आणि तिनं कधी कुणाला उलट शब्द बोललेला मी ऐकला नाही. आमच्यात याला सब्र म्हणतात. नुसतं सहन करणं म्हणजे सब्र नव्हे. जे आलं ते अल्लाच्या मर्जीनं आलं असं मानून मन ताळ्यावर ठेवायचं आणि तोंडातून तक्रार काढायची नाही, असा त्याचा अर्थ. मोठा शब्द आहे, आणि मोठ्या शब्दांचा एक धोका असतो. त्यांच्या आड काय चाललंय ते कुणी वाकून बघत नाही.

भाऊ गेला तो उसाच्या सीझनमध्ये. बारामतीच्या एमआयडीसीत कामाला होता, रोज मोटारसायकलवर इंदापूरहून जा-ये करायचा. लग्नाचं बघत होतो आम्ही. थंडीतली संध्याकाळ, अंधार पडलेला. अंथुर्ण्याच्या अलीकडे उसानं भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. मागे लाल दिवा नाही, साधी चमकपट्टीसुद्धा नाही. त्याला ती दिसलीच नसणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मय्यत घरी आली. मी पायरीवरच बसकण मारली आणि ओरडून रडले. माझ्या रडण्याला आवाज आहे, माझ्या सगळ्यालाच आवाज आहे. चार बायका धावल्या. एकीनं तोंडावर हात ठेवला. "आवाज करू नगं गं, मय्यतला तकलीफ हुती." दुसरी म्हणाली, "आईकडं बघ की जरा. तिचं लेकरू गेलंय, आन् ती कशी बसलीय बघ."

मी बघितलं. अम्मी भिंतीला टेकून बसली होती, हातात तसबीहची माळ, ओठ हलत होते. डोळे कोरडे. आत गुस्ल चालू होता, मय्यतीला अखेरची आंघोळ घालत होते, आणि त्या पाण्याचा आवाज बाहेर येत होता. तिनं मान वर केली नाही. जनाजा उचलला तेव्हा ती उभी राहिली, आणि माणसं वळणाआड गेल्यावर परत त्याच जागी बसली. आमच्यात मय्यतीच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, नातेवाईक जेवण आणतात. त्या जेवणाची ताटं अम्मीनंच सगळ्यांना वाढली. ती स्वतः जेवली का, हे कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

पुढं महिनाभर इंदापुरात तिच्या सब्रचीच चर्चा. शेजारच्या चाची तर येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगायच्या, "असं काळीज अल्लानं सगळ्यांना देवं." अब्बांनी आठवड्याच्या आत भावाचे कपडे गरिबांत वाटून टाकले, मोटारसायकलचा सांगाडा पोलीस चौकीतून आणलाच नाही. त्याचं नाव घरात निघेना. नाव काढलं की कुणीतरी रडेल, रडलं की सब्र मोडेल, म्हणून सगळे नावाला वळसा घालून बोलायचे. "त्या टायमाला," "ते झालं तवा," अशी भाषा सुरू झाली.

मला तोवर स्वतःची लाज वाटायला लागली होती. आई इतकी खंबीर, आणि मी? गिऱ्हाईकानं ब्लाउजची बाही आखूड झाली म्हटलं तरी कात्री आपटायची. सिग्नलला रिक्षावाल्याशी भांडताना मधेच रडू फुटायचं. म्हणून मी ठरवलं, आता सवयी बदलायच्या. मोबाइलवर या विषयाची मौलानांची बयानं ढिगानं मिळतात. राग आला तर उभं असाल तर बसा, बसला असाल तर आडवे व्हा, वुजू करा, हातपाय-तोंड धुवा. गोष्टी खऱ्या आहेत, लहानपणी मदरशातही शिकवल्या होत्या. मी इमानेइतबारे करायला लागले. दिवसातून इतक्यांदा वुजू केला की दुपारीच टाकी रिकामी व्हायची, आणि मग पाणी का नाही यावरून नवऱ्याशी भांडण.

तरी थोडा फरक पडला, खोटं कशाला बोलू. आणि रोज अम्मीला फोन करायचा हीसुद्धा त्यातलीच एक सवय. सब्र कसं करतात ते तिच्याकडून शिकायचं होतं मला. फोन उचलला की विचारायचे, जेवलीस का? ती म्हणायची, "आज रोजा हाय."

सोमवारी आणि गुरुवारी रोजा धरणं चांगलं मानतात. मला वाटलं, धरत असेल. मग बुधवारी फोन केला तरी रोजा. शनिवारी रोजा. "आजारपणात सुटलेले रोजे हायेत, फेडून टाकते," ती म्हणायची. कधी म्हणायची, "रजबचा महिना हाय." मग शाबान आला. या महिन्यांतही लोक रोजे धरतात, त्यामुळं शंका घ्यायला जागा नव्हती. संध्याकाळी मगरिबला फोन केला तर म्हणायची, "सोडला की आत्ताच रोजा. खजूर खाल्ला. नमाजला उभी ऱ्हाते." अब्बांना विचारलं तर तेही अभिमानानं सांगायचे, "तुझी आई लई पुढं गेलीया आता इबादतीत. मलाच लाज वाटती."

रमजान आला आणि अख्खं गावच रोज्यात शिरलं. अब्बा रोजा सोडायला मशिदीत जायचे, तिथंच पुरुषांचं इफ्तार. अम्मी घरी एकटी. पहाटेच्या सहरीलाही ती आधी अब्बांना वाढायची, स्वतःचं मागनं म्हणायची. भजी तळायची, फळं कापायची आणि ताटं भरून आजूबाजूला पाठवायची. चाची फोनवर मला सांगत होत्या, "एक दिवस चुकवत न्हाय बघ. स्वतःच्या आधी दुसऱ्याचं बघती." मी हे सगळं माझ्या मुलींना ऐकवायचे. बघा तुमची नानी. मी स्वतः त्या महिन्यात एकदाही तिच्याकडं गेले नाही, कारण रमजानात शिलाईचं काम इतकं असतं की मान वर करायला फुरसत नसते. ईदचे कपडे.

ईदच्या दिवशी दुपारी आम्ही इंदापूरला पोचलो. मय्यत झाल्यानंतरची पहिली ईद म्हणून घर माणसांनी भरलं होतं. अशा वेळी लोक मुद्दाम येतात, घराला एकटं पडू देत नाहीत. अम्मी शिरखुर्म्याच्या वाट्या भरत होती. नवी साडी नेसली होती, डोक्यावर पदर. चेहरा लहान झालेला दिसला, पण महिनाभराच्या रोज्यांनी सगळ्यांचेच चेहरे उतरलेले असतात. बायका म्हणत होत्या, बघा, पोराच्या पहिल्या ईदला स्वतःच्या हातानं शिरखुर्मा केलाय. सब्र असावं तर असं.

मी एक वाटी तिच्या हातात दिली. म्हटलं, बस आता, तू खा.

ती वाटी तिनं खाली ठेवली आणि अगदी सहज म्हणाली, "माझा रोजा हाय."

ईदच्या दिवशी रोजा हराम आहे. वर्षातल्या ज्या मोजक्या दिवशी मुसलमानानं उपाशी राहायचंच नाही, त्यातला हा पहिला. सकाळी नमाजला जायच्या आधी काहीतरी गोड तोंडात टाकूनच निघायचं असतं, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अम्मीच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ती घाईनं वाटी उचलायला वाकली. तेवढ्यात चाची हसल्या. "इतकी सवय लागली बाई रोज्याची, ईद आलेली बी कळंना." मग सगळ्याच हसल्या, आणि विषय निघून गेला.

मला हसू आलं नाही. अम्मी वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेली, तिच्या मागोमाग मी गेले. ती पाठमोरी उभी राहून वाटी परत पातेल्यात ओतत होती. पदर खांद्यावरून सरकला होता. मी शिवणकाम करणारी बाई आहे. माणसाआधी मला त्याचे कपडे दिसतात. तिच्या अंगातला ब्लाउज मीच गेल्या वर्षी शिवलेला. तो दोन्ही बाजूंनी आत घेतला होता, त्याच्या आत पुन्हा एकदा घेतला होता, आणि तरी ढळतो म्हणून पाठीवर तीन सेफ्टीपिना लावल्या होत्या. मी तिच्या दंडाला हात लावला. माझा अंगठा आणि बोट एकमेकांना भिडले.

"अम्मी, तू कधीपास्नं जेवली न्हाईस?"

"जेवते की. सहरीला जेवते."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी पातेल्याकडं बघत राहिले आणि मला एकदम सगळे महिने कळले. सोमवार, गुरुवार, रजब, शाबान. तिनं रोजे धरले होते, पण सोडले नव्हते. नुसता खजूर आणि पाणी, कधी चहा. आणि आम्ही सगळे त्या उपासमारीला इबादत म्हणत होतो, कारण ती इबादतीसारखी दिसत होती. नमाज, रोजे, दान, गप्प राहणं. यातली एकही सवय वाईट नव्हती. कुणाला टोकायला जागाच नव्हती.

त्याच आठवड्यात तिला बारामतीच्या एका दवाखान्यात भरती केलं. तपासण्या झाल्या. गाठ नाही, टीबी नाही, नुसता अशक्तपणा. खूप वाढलेला. सलाइन लावली. डॉक्टर बाईंनी विचारलं, घरात काही झालंय का? अब्बांनी "तसं काय न्हाय" असं सांगितलं. मी मागून सांगितलं, मुलगा गेलाय. अब्बा माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी काहीतरी घाण बोलले होते. डॉक्टर बाई म्हणाल्या, मनाच्या डॉक्टरांना दाखवा. अब्बा व्हरांड्यात आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "तिला काय येड लागलंय का? सब्रवाली बाई हाय ती."

तिला जेवण जाईना. चमचा ओठाला लागला की तोंड मिटायची. समजावून झालं, कुराणातलं वाचून दाखवून झालं, आजाऱ्याला रोजा माफ आहे हे सांगून झालं. मी दोन दिवस माझ्या सगळ्या नव्या सवयी वापरल्या. उभी होते तर बसले. वुजू केला. तसबीह ओढली. तिसऱ्या दिवशी दुपारी अब्बा नमाजला गेले होते, शेजारच्या खाटेवर पिंपळीच्या एक मावशी झोपल्या होत्या, आणि अम्मीनं वरणभाताची वाटी हातानं हळूच दूर सारली. ती सारण्याची पद्धत इतकी शांत होती, इतकी सभ्य, की माझा तोल गेला.

"मरायचंय का तुला?" मी ओरडले. "सरळ सांग की मग. रोज्याचं नाव कशाला करती?"

मावशी जाग्या झाल्या. अम्मीनं डोळे उघडले. तिच्या तोंडून जे आलं ते मी आयुष्यात विसरणार नाही.

"त्यो उपाशी गेला गं."

मला आधी कळलंच नाही. ती बोलत राहिली, छताकडं बघत. सकाळी निघताना तो म्हणाला होता, संध्याकाळी बाजरीच्या भाकरी कर. तिनं केल्या होत्या. फडक्यात गुंडाळून टोपल्यात ठेवल्या होत्या. तो दिवसभर कंपनीत राबून, रिकाम्या पोटी, भाकरीच्या ओढीनं घाईनं येत होता, आणि वाटेत गेला. "घाई भाकरीची व्हती त्याला. तिसऱ्या दिशी टोपलं उघडलं तर तशाच व्हत्या. शेळीला घातल्या. मग घास उतरंना मला. त्यो उपाशी आन् मी कशी खाऊ?"

"अम्मी," मी म्हणाले, "त्यो माझ्याकडं जेवून निघाला व्हता."

त्या दिवशी कंपनीतून सुटल्यावर तो माझ्या घरी आला होता. नेहमीच यायचा. चहा घेऊन निघतो म्हणत होता, मी दटावून ताटावर बसवला. मेथीची भाजी, भाकरी, कांदा. दोन भाकरी खाल्ल्या आणि हात धुताना म्हणाला, अम्मीला सांगू नको, रुसून बसंल, तिकडं गेल्यावर परत जेवीन. हे मला माहीत होतं, माझ्या नवऱ्याला माहीत होतं, मुलींना माहीत होतं. यात सांगण्यासारखं काही आहे असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं. आणि सांगायचं तर त्याचं नाव काढावं लागलं असतं.

अम्मीनं मान वळवली. "काय केलं व्हतंस?"

"मेथी."

"सुकी का डाळ घालून?"

"डाळ घालून."

तिनं माझं मनगट धरलं. "मग सांगितलं का न्हाईस?"

"तू कधी इचारलंस?"

"इचारलं असतं तर रडू आलं असतं," ती म्हणाली. "आन् रडायचं न्हाय म्हणत व्हते सगळे."

मदरशात आम्हाला हेही शिकवलं होतं की पैगंबरांच्या लहानग्या मुलाचा जीव गेला तेव्हा त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. डोळ्यांतल्या पाण्याला मनाई नाही. हे मला पाठ होतं, चाचींना पाठ होतं, अब्बांनाही पाठ होतं. मय्यतीच्या दिवशी आमच्यापैकी एकानंही ते अम्मीला सांगितलं नाही. उलट ती रडत नाही म्हणून तिचं कौतुक केलं. त्या दुपारी ती रडली. लहान पोरासारखी, तोंड उघडं टाकून. सलाइनची नळी हलत होती. नर्स आली, पिंपळीच्या मावशींनी तिला हातानं थांबवलं. रडून झाल्यावर अम्मीनं वरणभाताचे चार घास खाल्ले, आणि मला वाटलं, जिंकले. खरंच वाटलं.

ती घरी गेली. जेवायलाही लागली, चिमणीएवढं का होईना. पण शरीर आतून पोखरलं गेलं होतं. बकरी ईदच्या आधी छातीत कफ झाला. साध्या माणसाला आठवडाभर झोपवणारा आजार. तिच्या अंगात त्याच्याशी झगडायला काही उरलंच नव्हतं. इंदापूरच्या घरात, दुकानाच्या मागच्या खोलीत ती गेली. माणसं म्हणाली, पोराच्या मागोमाग गेली, नशीबवान. मला त्या माणसांचा जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि त्यावर मी वुजू करत नाही.

तिसऱ्या दिवसाची फातेहा, गेलेल्यांसाठीची दुआ, झाली, लोक पांगले. दुपारी अब्बा आणि मी दोघंच घरात होतो. कुणीतरी आणलेल्या डब्यातलं मी त्यांना वाढलं. त्यांनी ताटाकडं बघितलं आणि म्हणाले, "इच्छा न्हाय. रोजा धरावा म्हणतो उद्यापास्नं."

मी ताट परत त्यांच्याकडं सारलं.

"अब्बा," मी म्हणाले, "त्यानं काय झालं ते बघितलं न्हाई का तुमी? अम्मी कशानं गेली? त्यो उपाशी गेला म्हणून तिला घास जात न्हवता. आन् त्यो तर जेवून निघाला व्हता माझ्याकडनं."

अब्बांनी ताटावरून नजर काढली. "कोण?"

"कोण म्हंजे? तुमचा लेक. अम्मीला मी दवाखान्यात सांगितलं व्हतं. तिनं तुमाला न्हाय सांगितलं?"

त्यांनी मान हलवली. नाही. दवाखान्यातून आल्यावर कित्येक आठवडे ती दोघं त्याच खोलीत राहिली होती, समोरासमोर बसून जेवली होती, आणि ती त्यांच्यासमोर त्याचं नाव काढू शकली नव्हती. "तिला तरास नगं म्हणून मी न्हाय काढलं कधी," अब्बा म्हणाले. "मला वाटायचं, तिच्या ध्यानात आलं नसंल त्यो उपाशी व्हता ते. भाकरीचं टोपलं मीच त्या राती फळीवर, मागं सारून ठिवलं व्हतं. तिला दिसू नये म्हणून."

बाहेर दुकान बंद होतं, यंत्र बंद होतं. घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. अब्बांनी दोन्ही हातांनी ताटाची कड धरली आणि विचारलं,

"पोटभर जेवला व्हता का?"